आधी केमिस्ट्री की आधी फिजिक्स? अमेरिकेतल्या हायस्कूलमधल्या एपी सायन्स कोर्सच्या क्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की शाळांमधून पुढच्या वर्षाच्या कोर्स सिलेक्शनचे फॉर्म घरी येतात आणि ओळखीतल्या मराठी आईबाबांचे मला फोन सुरू होतात. मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते. माझी स्वतःची अकरावी-बारावी महाराष्ट्रात झाली, त्यामुळे तुमचा गोंधळ नेमका कुठे होतो ते मला कळतं. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट: कॉलेज बोर्ड या संस्थेचे, हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स. त्यांच्या परीक्षेचे गुण १ ते ५ असतात. यात नववी, दहावी म्हटलं की ती इथली नववी-दहावी समजायची, म्हणजे फ्रेशमन आणि सोफोमोर वर्षं. अकरावी ज्युनियर, बारावी सिनियर.

आम्ही तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी एकाच वर्षी शिकलो. इथे क्रम ठरवायची वेळ का येते?

कारण इथे बहुतेक शाळांत एक विषय एका वर्षात सुरू होतो आणि त्याच वर्षात संपतो. आपल्याकडे तोच विषय दर इयत्तेत थोडा थोडा पुढे सरकत राहायचा. न्यूटनचे नियम एका वर्षी नाही समजले तर पुढच्या वर्षी पुन्हा भेटायचे, तोवर गणितही वाढलेलं असायचं. इथे केमिस्ट्री वर्षभर जवळजवळ रोज असते आणि उन्हाळा आला की बंद. ती पुन्हा समोर येईल ती तुम्ही एपी केमिस्ट्री घेतलीत तरच.

म्हणून विषय ज्या वर्षी येतो त्या वर्षी मुलाची तयारी किती आहे याला इथे फार महत्त्व येतं. त्यात खानेही मोजके असतात. हायस्कूलची वर्षं चार, आणि बहुतेक मुलांच्या शेड्यूलमध्ये दर वर्षी सायन्सला एकच जागा. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स हे पायाचे कोर्स केले की तीन वर्षं संपली. एपीसाठी उरलं एक. मला येणारे बहुतेक फोन खरं तर या एका उरलेल्या खान्याबद्दल असतात, मग प्रश्न कोणत्याही शब्दांत विचारलेला असो.

जागा वाढवायचे मार्ग तीनच आहेत. पायाचा कोर्स वगळून थेट एपी घ्यायचं, एखाद्या वर्षी दोन सायन्स घ्यायची (त्यासाठी एक इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, सोडावा लागतो), किंवा एखादा कोर्स उन्हाळ्यात उरकायचा. तिन्हीबद्दल खाली लिहिलं आहे.

बायोलॉजी, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स हाच क्रम सगळीकडे का दिसतो? त्यामागे काही शास्त्र आहे का?

फारसं नाही, ती बरीचशी जुनी वहिवाट आहे. १८९२ साली इथल्या नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने हायस्कूलचा अभ्यासक्रम ठरवायला दहा जणांची समिती नेमली होती. हार्वर्डचे चार्ल्स एलियट तिचे अध्यक्ष होते. त्या समितीच्या तक्त्यात फिजिक्स तिसऱ्या वर्षी आणि केमिस्ट्री चौथ्या वर्षी होती, म्हणजे आजच्या उलट. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायोलॉजी हा एकसंध कोर्स म्हणून खालच्या वर्गांत रुजला. गणित सगळ्यात जास्त लागतं म्हणून फिजिक्स शेवटी गेलं आणि घडी तशीच बसली.

तेव्हाची बायोलॉजी म्हणजे पाहणं, नावं देणं, वर्गीकरण करणं. आजची बायोलॉजी पेशीतल्या रेणूंपासून सुरू होते. म्हणजे जो विषय समजायला केमिस्ट्री लागते तो आपण केमिस्ट्रीच्या आधी शिकवतो. फर्मिलॅब या इथल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे माजी संचालक आणि १९८८ चे नोबेल विजेते लिऑन लेडरमन यांनी याच मुद्द्यावर अनेक वर्षं आग्रह धरला होता की आधी फिजिक्स, मग केमिस्ट्री, मग बायोलॉजी शिकवा. काही शाळांनी तो क्रम स्वीकारला, आणि तुमची शाळा त्यातली असेल तर घाबरू नका. नववीतलं फिजिक्स साध्या अल्जेब्रावर चालेल असंच आखलेलं असतं. कॅलिफोर्नियात काही ठिकाणी पृथ्वीविज्ञान वेगळं न शिकवता या तीन कोर्समध्ये मिसळलेलं दिसेल. कोर्सची नावं अनोळखी वाटतील, पण पायाचे कोर्स म्हणून ती चालतात.

मग क्रम ठरवायचा तरी कशावरून?

गणितावरून. इतर सगळे विचार त्यानंतरचे.

मुलाचा ट्रान्सक्रिप्ट (आतापर्यंतच्या कोर्सची आणि ग्रेडची नोंद) समोर घ्या आणि आधी गणिताच्या ओळी वाचा. आठवीत अल्जेब्रा १ झालं असेल तर साधारण वाट अशी जाते: नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. सातवीत अल्जेब्रा १ झालं असेल तर सगळं एक वर्ष अलीकडे सरकतं. आता या वाटेवर सायन्स बसवायचं.

एपी केमिस्ट्रीसाठी कॉलेज बोर्डची शिफारस अशी आहे की आधी एक वर्षाची साधी केमिस्ट्री आणि अल्जेब्रा २ झालेलं असावं. अल्जेब्रा २ कशाला, असं पालक विचारतात. लॉगॅरिदमसाठी. पीएच म्हणजे लॉग. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा आलेख सरळ रेषेत आणायचा तर नॅचरल लॉग. मुक्त ऊर्जा आणि समतोल स्थिरांक यांचं नातं, तिथेही लॉग. आम्ल-आम्लारी हा एकच घटक परीक्षेत ११ ते १५ टक्के असतो. लॉग म्हणजे काय हेच माहीत नसलेलं मूल तिथे कॅल्क्युलेटरची बटणं दाबून उत्तर आणतं, पण पीएच एकाने कमी झाला म्हणजे आम्लता दहापट वाढली हे त्याच्या अंगात मुरत नाही. माझ्या वर्गात अशी मुलं येतात, हुशार असतात, मेहनतीही असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे ए असतात. फेब्रुवारीत बफर (पीएच फारसा बदलू न देणारी द्रावणं) सुरू झाले की चेहरे उतरतात. केमिस्ट्री त्यांना झेपणारी असते, फक्त ती एक वर्ष लवकर आलेली असते.

एपी फिजिक्स १ साठी जॉमेट्री झालेली आणि अल्जेब्रा २ निदान सोबत चालू असावं लागतं. आधी फिजिक्स केलेलं असण्याची अट नाही. एपी फिजिक्स सी साठी कॅल्क्युलस झालेलं किंवा सोबत चालू हवं. एपी बायोलॉजीला गणित सगळ्यात कमी लागतं, पण अगदीच लागत नाही असंही नाही. काय-स्क्वेअर चाचणी, हार्डी-वाइनबर्गचं समीकरण आणि प्रयोगातल्या आकड्यांची अनिश्चितता तिथे येतेच.

थोडक्यात, ज्या वर्षी लॉग हातात आले त्याच्या पुढच्या वर्षी एपी केमिस्ट्री, आणि ज्या वर्षी कॅल्क्युलस त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी फिजिक्स सी. हे दोन खुंटे आधी ठोका. बाकीचं त्यांच्याभोवती बसतं.

साधी केमिस्ट्री वगळून थेट एपी केमिस्ट्री घेता येईल का? शाळा परवानगी देते म्हणते.

माझं उत्तर जवळजवळ नेहमी "नको" असतं. मोल, संयुगांची नावं, समीकरण संतुलित करणं, किती अभिकारकातून किती उत्पादन मिळेल याचा हिशोब, वायूंचे नियम हे सगळं पहिल्या वर्षी महिनोन्महिने घोटलं जातं. एपीच्या वर्गात आम्ही त्यावरून भरभर पुढे जातो, कारण मेपर्यंत नऊ घटक संपवायचे असतात. मोलचा हिशोब अजून बोटं मोजून करणाऱ्या मुलाला समतोलाचं कोष्टक मांडताना एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात.

याला अपवाद मी पाहिले आहेत, पण ती मुलं आधीच स्वतःच्या हौसेने पहिल्या वर्षाची केमिस्ट्री करून आलेली होती. तुमच्या मुलाने ती खरोखर केली आहे का हे तपासायचं असेल तर शाळेकडून ऑनर्स केमिस्ट्रीची (साध्या केमिस्ट्रीच्या जरा वरच्या पातळीच्या कोर्सची) फायनल परीक्षा मागा आणि वेळ लावून सोडवून बघायला सांगा. बहुतेक ठिकाणी काउन्सेलर (कोर्स निवडायला मदत करणारे शाळेतले सल्लागार) किंवा विभागप्रमुख यात मदत करतात.

फिजिक्सचं मात्र वेगळं आहे. एपी फिजिक्स १ हा स्वतःच पहिल्या वर्षाचा कोर्स म्हणून आखलेला आहे, त्यामुळे साधं फिजिक्स वगळून तो थेट घ्यायला हरकत नाही. खान्यांचा हिशोब करताना ही वाचलेली जागा फार मोलाची ठरते.

आमच्या शाळेत नववीत-दहावीतच एपी बायोलॉजी देतात. घ्यावी का?

दहावीत काही शाळा सर्रास देतात आणि बरीच मुलं ती पार पाडतात. तरीही निवड असेल तर मी ती केमिस्ट्रीनंतर ठेवीन. कॉलेज बोर्डची शिफारसही आधी बायोलॉजी आणि केमिस्ट्री दोन्ही झालेली असावीत अशीच आहे.

कारण एपी बायोचा पहिला घटकच जीवनाचं रसायनशास्त्र हा आहे. पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन बंध, प्रथिनं कशी दुमडतात, विकर कसं काम करतं. त्यानंतर पेशीतली ऊर्जा येते: प्रकाशसंश्लेषण, श्वसन, एटीपी, पडद्यापलीकडे प्रोटॉन साचणं. केमिस्ट्री झालेल्या मुलीला यात इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातोय ते दिसतं. न झालेली मुलगी बाणांचं चित्र पाठ करते. दोघींना गुण मिळू शकतात. पण परीक्षेत पाठांतराचे प्रश्न कमी आणि न पाहिलेल्या प्रयोगाची माहिती देऊन त्यावर विचारलेले प्रश्न जास्त असतात, आणि तिथे फरक पडतो.

नववीतली बायो आणि बारावीतली एपी बायो यांच्यात दोन वर्षांचं अंतर पडेल, विसरेल, असं काही पालक म्हणतात. एपी बायोच्या बाबतीत ही काळजी कमी आहे, कारण नववीतलं जे लागतं ते तिथे पुन्हा नव्याने येतं. केमिस्ट्रीच्या बाबतीत काळजी खरी आहे. ऑनर्स केमिस्ट्री दहावीत आणि एपी बारावीत असेल तर मधल्या वर्षात मोलचा सराव सुटतो. जमेल तर ही दोन वर्षं लागोपाठ ठेवा.

फिजिक्सचे चार एपी कोर्स आहेत. यातलं काय आधी?

सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फिजिक्स १ आणि २ अल्जेब्रावर आधारलेले आहेत. २०१४-१५ मध्ये जुना फिजिक्स बी मोडून हे दोन केले. फिजिक्स १ म्हणजे गती, बल, ऊर्जा, संवेग, फिरणाऱ्या वस्तू, दोलनं आणि २०२४-२५ पासून द्रवही. फिजिक्स २ मध्ये उष्मागतिकी, विद्युत, चुंबकत्व, प्रकाश, तरंग आणि आधुनिक भौतिकी. फिजिक्स सी चे दोन वेगळे कोर्स आणि दोन वेगळ्या परीक्षा: एक यांत्रिकी आणि दुसरा विद्युत-चुंबकत्व. दोन्हींत कॅल्क्युलस लागतं.

"फिजिक्स १ सोपं, सी अवघड" असा सरधोपट समज आहे. फिजिक्स १ मध्ये गणित हलकं असतं, पण प्रश्न समज तपासणारे असतात. दोन आलेख देऊन कोणती गाडी आधी थांबेल ते वाक्यांत समजावून सांग, असे. २०१५ ते २०२४ या काळात २०२० वगळता दर वर्षी या परीक्षेत निम्म्याहून कमी मुलांना ३ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले, आणि २०२० ची परीक्षा महामारीमुळे घरून दिलेली छोटी परीक्षा होती. आपली मुलं सूत्रात आकडे भरण्यात तरबेज असतात, आणि म्हणूनच कधी कधी इथे अडकतात. घरी सराव घेत असाल तर उत्तर काय आलं हे विचारू नका. कारण काय ते बोलून दाखवायला सांगा.

माझा सल्ला. इंजिनीअरिंग, भौतिकी किंवा गणिताकडे ओढा असलेल्या मुलाने अकरावीत फिजिक्स १ आणि बारावीत फिजिक्स सी घ्यावं. यांत्रिकीची कल्पना एकदा कॅल्क्युलसशिवाय पक्की झाली की दुसऱ्यांदा ती कॅल्क्युलससकट समजायला सोपी जाते. यात एक वर्ष वाया गेलं असं मला कधीच वाटलेलं नाही. फिजिक्स १ नंतर फिजिक्स २ आणि मग सी, अशी तीन वर्षं मात्र फिजिक्सला देऊ नयेत, बाकीच्यांना जागा उरत नाही. फिजिक्स २ चांगलं कोणासाठी? ज्याला कॅल्क्युलसच्या वाटेने जायचं नाही पण विद्युत, प्रकाश, अणू यांची ओळख हवी आहे. पुढे जीवशास्त्राकडे जाणारी मुलं बहुधा यात बसतात.

कॅल्क्युलस आणि फिजिक्स सी एकाच वर्षी घेतलं तर चालतं का?

चालतं, आणि पुष्कळ शाळांत तसंच होतं. अडचण महिन्यांची असते. फिजिक्सच्या वर्गात पहिल्याच आठवड्यांत वेग म्हणजे स्थानाचं विकलन असं येतं, तेव्हा गणिताच्या वर्गात अजून लिमिट चालू असतं. जडत्वाचा आघूर्ण काढायला संकलन लागतं आणि गणिताचे शिक्षक तिथवर नंतर पोहोचतात. चांगले फिजिक्सचे शिक्षक ही उणीव स्वतः भरून काढतात. तुमच्या शाळेत ते कसं होतं, हे शिक्षकांना थेट विचारा.

उन्हाळ्यात मुलाने बहुपदींचं विकलन-संकलन आणि सायन-कोसायनचं विकलन एवढं जरी करून ठेवलं तरी पहिली सहामाही सुसह्य होते. विद्युत-चुंबकत्वाचा भाग, विशेषतः गाऊसचा नियम आणि कपॅसिटरची अवकल समीकरणं, कॅल्क्युलस आधी पूर्ण झालेल्या मुलांना जास्त मानवतो. शाळा फक्त यांत्रिकी वर्षभर शिकवत असेल तर तेवढंच घ्या, पुरेसं आहे.

एका वर्षी दोन एपी सायन्स घेतले तर?

कोणते दोन, यावर सगळं अवलंबून आहे. एपी केमिस्ट्री आणि एपी फिजिक्स १ ही जोडी मला बरी वाटते. ऊर्जेची कल्पना दोन्हीकडे कामाला येते, आणि अभ्यासाची पद्धत सारखी असते. एपी बायो आणि एपी केमिस्ट्री एकाच वर्षी घेणं जास्त दमवतं, कारण दोन्हींत प्रयोग भरपूर, अहवाल भरपूर, आणि बायोचं वाचन वेगळं. एपी बायो आणि फिजिक्स सी बारावीत एकत्र घेणारी मुलं असतात आणि ती निभावतात, कारण एकात वाचायचं असतं आणि दुसऱ्यात सोडवायचं.

एपी केमिस्ट्रीत वेळेचा किमान चतुर्थांश भाग प्रयोगशाळेत जायला हवा. काही शाळा त्यासाठी डबल पिरियड ठेवतात. मग शेड्यूलमध्ये एका कोर्सला दीड-दोन जागा लागतात आणि ऑर्केस्ट्रा किंवा भाषेचा वर्ग सुटतो. फॉर्म भरण्याआधी एवढं विचारून घ्या. मुलगी सहा वर्षं व्हायोलिन वाजवत असेल तर तो वर्ग मोडून दुसरं एपी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मुलीला डॉक्टर व्हायचंय. मग बायो आधी आणि जास्त, बरोबर ना?

आपल्याकडच्या बी ग्रुप, ए ग्रुपच्या हिशोबाने हा प्रश्न येतो. इथे मेडिकल बारावीनंतर लगेच नसतं, मध्ये चार वर्षांचं कॉलेज असतं. तिथे बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स हे सगळं करावं लागतं, आणि अनेक मेडिकल स्कूल्स या विषयांसाठी एपीची क्रेडिट्स (कोर्स आधीच झाला असं धरणं) मानत नाहीत किंवा वरच्या पातळीचा कोर्स मागतात. म्हणजे हायस्कूलमध्ये बायो लवकर संपवून पुढचा वेळ वाचत नाही. जे उपयोगी पडतं ते म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षातली केमिस्ट्री न घाबरता करता येणं. त्या दृष्टीने दहावीत ऑनर्स केमिस्ट्री, अकरावीत एपी केमिस्ट्री, बारावीत एपी बायो ही वाट उत्तम. फिजिक्स मात्र अजिबात सोडू नये. नववीत दोन सायन्स घेता येत नसतील तर उन्हाळ्यात किंवा अकरावीत जोडून ते बसवा.

इंजिनीअरिंगवाल्यांसाठी वर लिहिलंच आहे. त्यात एक भर: अनेक इंजिनीअरिंग कॉलेजं फिजिक्स १ आणि २ ची क्रेडिट्स फिजिक्सच्या आवश्यक कोर्ससाठी धरत नाहीत, सी ची धरतात. कॉलेजगणिक नियम वेगळे असतात, त्यामुळे मनात असलेल्या दोन-तीन कॉलेजांची एपी क्रेडिटची पानं वाचून घ्या. कॉम्प्युटर सायन्सकडे जाणाऱ्यांनीही फिजिक्स घ्यावं असं माझं मत आहे. आणि एमआयटीसारखं ठिकाण मनात असेल तर तिथली शिफारस फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी एक वर्ष आणि कॅल्क्युलसपर्यंतचं गणित अशी आहे. एकाच विषयात तीन एपी आणि दुसरा कोराच, असं करू नका.

एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स सोपं म्हणून आधी घ्यावं का?

पहिलं एपी कसं असतं याचा अनुभव म्हणून दहावी-अकरावीत चांगलं आहे, विषयात रस असेल तर आणखी चांगलं. फक्त ते केमिस्ट्री किंवा फिजिक्सच्या जागी घेऊ नका, त्यांच्या जोडीला घ्या.

बारावीतल्या एपीचा कॉलेज प्रवेशाला काय उपयोग? गुण तर नंतर येतात.

परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणि निकाल जुलैत. तोवर प्रवेश झालेले असतात, हे खरं. पण अर्जात बारावीला कोणते कोर्स घेतले आहेत ते दिसतं आणि पहिल्या सहामाहीचे ग्रेड कॉलेजकडे जातात. म्हणून बारावीत सायन्स सोडलं तर ते दिसतं, आणि अवघड कोर्स चांगला चालला असेल तर तेही दिसतं.

यावरून काही पालक सगळी एपी दहावी-अकरावीत दाटतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा नियम इथे लक्षात घेण्यासारखा आहे. तिथे जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) ऑनर्सचे वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरचे धरतात आणि त्यातले दहावीचे चारपेक्षा जास्त नाहीत. नववीतल्या एपीला तिथे वाढीव गुण मिळतच नाहीत. म्हणजे लहान वयात ओझं टाकून हिशोबातही फारसं काही हाती लागत नाही.

जुन्या सल्ल्याबद्दलही सांगते. "कोर्स संपला की लगेच जूनमध्ये सब्जेक्ट टेस्ट द्यायची, म्हणून केमिस्ट्री लवकर" असं मोठ्या मुलांचे आईबाबा अजून सांगतात. सॅट सब्जेक्ट टेस्ट, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठी एकेका विषयाच्या परीक्षा, २०२१ मध्ये बंद झाल्या. ते कारण आता उरलेलं नाही.

उन्हाळ्यात ऑनर्स केमिस्ट्री उरकली तर एक खाना मोकळा होईल ना?

होईल. पण जिची पुढे एपी घ्यायची ती केमिस्ट्री सहा आठवड्यांत उरकू नये. मोलची सवय दिवसांनी लागते, तासांनी नाही. उन्हाळ्यात काही उरकायचंच असेल तर आरोग्य शिक्षण, इतिहास किंवा शाळा मान्य करत असेल तर एखादा गणिताचा कोर्स उरका, आणि मोकळी झालेली जागा सायन्सला द्या. घेण्याआधी शाळा ते क्रेडिट मानेल असं काउन्सेलरकडून ईमेलवर लिहून घ्या.

आमची शाळा आयबी आहे. तिथे हे सगळं लागू होतं का?

फार थोडं. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमात अकरावी-बारावी दोन्ही वर्षं तोच विषय चालतो, हायर लेव्हलला साधारण २४० तास आणि स्टँडर्डला १५० तास. क्रमाचा प्रश्न नववी-दहावीपुरताच उरतो. ज्या विषयाची हायर लेव्हल घ्यायची त्याचा पायाचा कोर्स दहावीत ठेवा.

काउन्सेलर नाही म्हणते. आग्रह धरावा का?

आधी कारण विचारा. शिक्षकांची शिफारस नसेल तर त्या शिक्षकांना भेटा, पालकांनी एकट्याने नाही, मुलाला घेऊन, आणि बोलू द्या त्यालाच. आम्ही शिफारस नाकारतो तेव्हा बहुतेकदा ग्रेडपेक्षा वेगळं काही पाहिलेलं असतं. गृहपाठ शेवटच्या रात्री होतो, शंका विचारत नाही, चुकलेलं पुन्हा सोडवत नाही. हे बदलण्यासारखं असतं. कारण फक्त वेळापत्रकाच्या अडचणीचं असेल तर आग्रह जरूर धरा. कम्युनिटी कॉलेजमधल्या ड्युअल एनरोलमेंटचीही (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स घेण्याची) चौकशी करा, काही राज्यांत हायस्कूलच्या मुलांना ते फुकट किंवा अगदी स्वस्त पडतं.

आम्ही ठरवलेला क्रम मुलाला मान्य नाही.

मग तो त्याचं म्हणणं काय सांगतो ते नीट ऐका. पंधरा वर्षांच्या मुलाला अवकाश, औषधं, जनुकं, बॅटऱ्या यातलं काहीतरी खरोखर आवडत असेल तर त्याला त्याच्या आवडीचं एपी अकरावीत द्या. ज्या विषयावर तो आपणहून रात्री वाचत बसतो, त्याचे शिक्षक त्याला एक वर्ष आधी भेटलेले असतील तर बारावीच्या शरद ऋतूत शिफारसपत्र लिहिताना त्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं. गणिताचे दोन खुंटे शाबूत असले की बाकीच्या जागा त्याच्या आवडीने भरायला काहीच हरकत नाही.

वर्ष सुरू झालं आणि कोर्स जड जातोय असं दिसलं तर?

शाळेच्या पोर्टलवर कोर्स बदलायची शेवटची तारीख असते, ती ऑगस्टमध्येच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेआधी एपीतून ऑनर्समध्ये गेलं तर बऱ्याच शाळांत ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. नंतर राहू शकते. पहिल्या चाचणीत सी आला म्हणून लगेच सोडू नका, एपी केमिस्ट्रीची पहिली चाचणी माझ्या वर्गातही पुष्कळांना धक्का देते. दोन चाचण्या होऊ द्या, मधल्या काळात मूल शिक्षकांच्या मदतीच्या तासाला खरंच जातंय का ते पाहा. दुसऱ्या चाचणीतही तीच चूक त्याच जागी होत असेल आणि झोप पाच तासांवर आली असेल, तर तारीख उलटण्याआधी मला किंवा त्याच्या शिक्षकांना ईमेल करा.